न दुखणारे रक्त

नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत लघवीची कोणतीही तक्रार उन्हाच्या खात्यावर जमा होते. जळजळ झाली तर उन्हाळी लागली, रंग गडद झाला तर पाणी कमी पडले आणि लालसर दिसली तर अंगात उष्णता फार झाली, असे निदान घरातल्या घरात होते आणि धण्या-जिऱ्याचे पाणी, सब्जा व कैरीचे पन्हे सुरू केले जाते. पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना यातले पहिले दोन तर्क पुष्कळदा बरोबरही निघतात. तिसरा मात्र घातक आहे, कारण पाणी कमी पडल्याने लघवी गडद पिवळी होते, लाल होत नाही. लाल रंग दिसला तर तो बहुधा रक्ताचा असतो, आणि रक्त कुठून तरी येत असते.

मला मूत्राशयाचा कर्करोग असल्याचे कसे कळले आणि त्यानंतर कोणकोणत्या तपासण्या व उपचारांतून जावे लागले, ते मी येथे लिहीत आहे. मी एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेतून निवृत्त झाले आहे आणि कागद तारखेनुसार लावून ठेवण्याची सवय अजून सुटलेली नाही, त्यामुळे प्रत्येक अहवाल हाताशी आहे. मी कधीही विडी-सिगारेट ओढलेली नाही, घरात कोणाला कर्करोग झाल्याचे ऐकिवात नाही आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांना हा रोग तीन ते चार पटींनी अधिक होतो. संशय शेवटी घ्यावा अशांपैकीच मी होते.

पहिल्यांदा रक्त दिसले तेव्हा लघवीचा रंग मांस धुतलेल्या पाण्यासारखा होता. दुखत नव्हते, जळजळ नव्हती, ताप नव्हता, पाठीत वा ओटीपोटात कळ नव्हती. संध्याकाळपर्यंत रंग फिकट झाला आणि दुसऱ्या दिवशी लघवी नेहमीसारखी स्वच्छ होती. त्या वेळी घरी आलेल्या माझ्या मोठ्या जाऊबाईंनी ऐकताच सांगून टाकले, "उष्णता झाली असन तुले, धण्याचं पानी पे." त्यांचा आग्रह प्रेमाचा होता आणि लघवी स्वच्छ झाल्यावर श्रेयही त्या पाण्याला गेले. मूत्राशयातील गाठीचे रक्त असेच वागते, हे मला पुढे समजले. गाठीचा नाजूक पृष्ठभाग एखाद्या दिवशी झिरपतो, मग थांबतो आणि आठवड्यांनी, कधी महिन्यांनी पुन्हा झिरपतो. मधल्या काळात जे काही घेतले असेल, मग ते धण्याचे पाणी असो की प्रतिजैविक, त्यानेच गुण आला असे वाटते.

आमच्या वस्तीतल्या डॉक्टरांनी लघवीची साधी तपासणी करायला लावली. अहवालात तांबड्या पेशींपुढे 'भरपूर' असा शेरा होता आणि पू-पेशी मोजक्याच होत्या. त्यांनी संसर्ग गृहीत धरून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. आमच्या वयाच्या स्त्रियांच्या बाबतीत हे गृहीतक सर्रास धरले जाते आणि ते नेहमी चुकीचेही नसते, कारण रजोनिवृत्तीनंतर मूत्रमार्गाचा संसर्ग खरोखरच वारंवार होतो. परंतु संसर्गाचे रक्त सहसा एकटे येत नाही. त्याच्यासोबत जळजळ असते, घाई असते, लघवीला वास येतो, पू-पेशी वाढलेल्या असतात आणि कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू उगवतात. माझ्या कल्चरचा अहवाल गोळ्या सुरू झाल्यावर आला आणि त्यात कोणत्याही जंतूची वाढ नव्हती. तो कागद हातात आल्यावर मी डॉक्टरांना विचारले की जंतू नव्हतेच तर रक्त कशाने आले. त्यांनी थोडा विचार केला आणि पुन्हा दिसल्यास या, असे सांगितले. लेखा शाखेत ज्या नोंदीचा ताळमेळ लागत नाही ती पुढच्या महिन्यावर ढकलायची नसते. रक्त पुन्हा दिसण्याची वाट न पाहता मी पुढच्या तपासणीला लागले.

स्त्रियांच्या बाबतीत एक जास्तीचा घोळ असतो, तो म्हणजे रक्त नेमके कोणत्या वाटेने आले हे ठरवणे. पाळी थांबून अनेक वर्षे झालेल्या बाईला रक्त दिसले की गर्भाशयाची शंका आधी येते, आणि ती यायलाच हवी. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आतून तपासले, गर्भाशयाच्या अस्तराची जाडी सोनोग्राफीत पाहिली, ती पातळ आणि निर्धोक निघाली. मग त्यांनी एक अगदी साधी गोष्ट केली. बारीक नळी घालून थेट मूत्राशयातली लघवी काढली आणि ती तपासायला पाठवली. डोळ्यांना ती स्वच्छ दिसत होती, पण सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक दृश्यक्षेत्रात तांबड्या पेशी वीसपेक्षा जास्त होत्या. तीन किंवा त्याहून अधिक पेशी सापडल्या तरी त्याला लघवीतील रक्त मानले जाते. आता वाट नक्की झाली होती. बाईंनी ओटीपोटाची सोनोग्राफी लिहून दिली आणि येताना लघवी रोखून, मूत्राशय पूर्ण भरून यायला बजावले.

हे बजावणे किती महत्त्वाचे असते, ते सोनोग्राफीच्या टेबलावर कळले. रिकाम्या मूत्राशयाच्या भिंती सुरकुतून एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि त्यात छोटी गाठ सहज लपते. माझ्या आधी आत गेलेल्या एका आजोबांना भरपूर पाणी पिऊन या म्हणून परत बाहेर पाठवले होते आणि ते त्याबद्दल मोठ्या आवाजात कुरकुरत होते. माझ्या तपासणीत डाव्या बाजूच्या भिंतीवर दीड सेंटिमीटरच्या आतबाहेरची वाढ दिसली. रेडिओलॉजिस्टने मला कुशीवर वळायला सांगितले, मग दुसऱ्या कुशीवर. रक्ताची गुठळी असती तर कूस बदलताच ती जागा सोडून खाली गेली असती, ती वाढ मात्र भिंतीला धरून राहिली. डॉप्लरमध्ये तिच्यात रक्तप्रवाहही दिसला. त्यांनी तोंडाने निदान सांगितले नाही, फक्त "मूत्ररोगतज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा" असे म्हटले. तेवढ्यावरून काय ते समजले.

नागपुरात असा सल्ला मिळाल्यावर माणूस बहुधा धंतोली किंवा रामदासपेठेत जातो. धंतोलीत गाडी उभी करायला जागा मिळणे हा स्वतंत्र आजार आहे. तिथल्या प्रतीक्षाकक्षात चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया एवढेच नव्हे तर छिंदवाडा, बैतुल, बालाघाटहून आलेली माणसे बसलेली असतात. त्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट सारखी कानावर येत होती: रक्त दिसून बरेच महिने झाले होते, मधे ते थांबले होते, म्हणून माणसेही थांबून राहिली होती. पुरुषांना बहुतेकदा "प्रोस्टेट वाढले असेल" असे सांगितले गेले होते. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या एका गृहस्थांना त्या गोळ्यांमुळेच रक्त येत असल्याचे कोणीतरी पटवले होते. मी ही गोष्ट नंतर डॉक्टरांना विचारली, तेव्हा ते म्हणाले की अशा गोळ्यांमुळे एखादी लपलेली गाठ लवकर झिरपू लागते. त्यामुळे गोळ्या चालू असल्या तरी तपासणी तेवढीच पूर्ण करावी लागते, आणि त्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नसतात.

मूत्ररोगतज्ज्ञांनी आधी बराच वेळ प्रश्न विचारले. विडी, सिगारेट, खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे चघळायचे मिश्रण. खर्ऱ्याचा प्रश्न त्यांनी मलाही विचारला आणि विदर्भातल्या डॉक्टरने तो बायकांनाही विचारावाच. चघळण्याच्या तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो हे पक्के आहे. मूत्राशयाच्या बाबतीत मात्र ठाम पुरावा धुराच्या तंबाखूचा आहे आणि या कर्करोगाच्या जवळपास निम्म्या रुग्णांमागे धूम्रपान असते, असे त्यांनी सांगितले. धूर फुप्फुसात जातो, मग मूत्राशयाचा काय संबंध, असे मला वाटले होते. धुरातली रसायने फुप्फुसातून रक्तात उतरतात, मूत्रपिंडे ती गाळून लघवीत टाकतात आणि ती लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठून राहते. शरीराने बाहेर काढायला घेतलेले विष सर्वांत जास्त वेळ ज्या अस्तराला लागून राहते, ते हेच. मग मधुमेहाच्या गोळ्यांची चौकशी झाली. पायोग्लिटाझोन या गोळीवर २०१३ साली आपल्याकडे काही आठवडे बंदी आली होती आणि नंतर मूत्राशयाच्या कर्करोगाचा इशारा छापण्याच्या अटीवर ती उठली. मी ती कधी घेतलेली नव्हती. पूर्वी ओटीपोटावर किरणोपचार किंवा सायक्लोफॉस्फामाइड हे औषध झाले होते का, हेही त्यांनी विचारले. सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली आहे का, हा प्रश्न विदर्भाबाहेर कदाचित कोणी विचारणार नाही. आपल्याकडे सिकलसेलचे वाहक पुष्कळ आहेत आणि वाहकालाही मूत्रपिंडातून, काही न दुखता, लघवीवाटे रक्त जाऊ शकते.

त्यानंतर त्यांनी विचारले, "माहेरी काय काम होते?" माझे माहेर तांडापेठेतले, विणकरांचे. घरात हातमाग होता आणि मागच्या अंगणात सूत रंगवण्याच्या घमेल्या होत्या. आईची आणि आजीची बोटे कधी जांभळी तर कधी लाल असत आणि आम्ही मुले त्याच अंगणात रांगलो. हे ऐकून त्यांनी पेन खाली ठेवले. रंगाचा आणि मूत्राशयाचा संबंध वैद्यकशास्त्राला फार जुना माहीत आहे. १८९५ साली लुडविग रेन या जर्मन शल्यविशारदाने फुक्सिन हा रंग बनवणाऱ्या कारखान्यातील कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे मांडले आणि पुढे बीटा-नॅफ्थिलअमाइन व बेंझिडीन या रसायनांवरचा आरोप सिद्ध झाला. संपर्क आणि रोग यांच्यात वीस-तीस वर्षे, कधी त्याहून अधिक काळ जातो. भारतात बेंझिडीनपासून बनणाऱ्या रंगांवर बंदी आली ती १९९०च्या दशकात. माझे लहानपण त्याच्या पुष्कळ आधीचे. माझ्या गाठीचे कारण तेच, असे डॉक्टर म्हणाले नाहीत आणि मीही म्हणणार नाही. एका माणसाच्या बाबतीत असे कारण सिद्ध करता येत नाही. पण रंगकाम, छपाई, चामडे, रबर, रंगारी आणि केसांच्या रंगाचा व्यवसाय यांतल्या माणसांनी आपला पूर्वेतिहास डॉक्टरांना आपणहून सांगावा, कारण सगळेच डॉक्टर माहेरापर्यंत जाऊन विचारत नाहीत.

पुढच्या तपासण्यांपैकी लघवीतील पेशींची तपासणी, म्हणजे सायटॉलॉजी, सर्वांत सोपी होती. तिच्यासाठी वेगवेगळ्या दिवशीचे नमुने द्यावे लागतात, आणि सकाळची अगदी पहिली लघवी चालत नाही, कारण रात्रभर साठलेल्या लघवीत पेशी खराब होतात. अहवाल 'संशयास्पद पेशी' एवढाच आला. ही तपासणी उग्र प्रकारच्या पेशी चांगल्या पकडते, सौम्य प्रकारच्या पुष्कळदा सोडते. त्यामुळे ती निर्दोष आली तरी दुर्बिणीतून पाहणे टळत नाही. सीटी युरोग्राफी, म्हणजे शिरेतून औषध देऊन काढलेला मूत्रमार्गाचा सीटी स्कॅन, करण्याआधी मूत्रपिंडांचे काम कळण्यासाठी रक्तातले क्रिएटिनिन तपासले, कारण शिरेतून देण्याचे औषध मूत्रपिंडातूनच बाहेर पडते. ते औषध शरीरात जाताना घशापासून ओटीपोटापर्यंत गरम लाट गेल्यासारखे वाटते आणि आपल्याला लघवी झाली की काय, असा भास होतो. हे आधी सांगितलेले असले तर माणूस घाबरत नाही. मला तंत्रज्ञ मुलीने सांगितले होते. मूत्राशयाच्या आतले अस्तर मूत्रपिंडाच्या आतल्या पोकळीपासून मूत्रवाहिनीतून खालपर्यंत सलग एकच आहे. एके ठिकाणी गाठ असेल तर वरही असू शकते, म्हणून हा सगळा मार्ग पाहावा लागतो. माझा वरचा मार्ग स्वच्छ होता.

दुर्बिणीची, म्हणजे सिस्टोस्कोपीची, भीती सर्वांनाच असते. लवचीक दुर्बिणीने ती भूल न देता, बधिर करणारी जेली लावून करतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरांचा असल्याने त्यांना ती पुरुषांपेक्षा सोपी जाते. मला टोचल्यासारखे आणि जोराची लघवी लागल्यासारखे वाटले, त्यापलीकडे काही नाही. समोरच्या पडद्यावर स्वतःचे मूत्राशय दिसत होते. फिकट गुलाबी भिंत, तिच्यावर बारीक रक्तवाहिन्या, आणि दोन बाजूंना मूत्रवाहिन्यांची तोंडे, ज्यांतून मधूनमधून लघवीची लहानशी पिचकारी सुटत होती. डाव्या तोंडाच्या वरच्या अंगाला ती झुबकेदार वाढ होती आणि पाण्यात तिचे फाटे हलत होते. डॉक्टरांनी सांगितले की अशी वाढ डोळ्यांनी ओळखता येते, पण ती किती खोल गेली आहे हे काढून तपासल्याशिवाय कळत नाही. सोनोग्राफी आणि सीटीत न दिसणारा एक सपाट प्रकारही असतो. त्यात गाठ नसतेच, फक्त अस्तराचा एखादा पट्टा लालसर मखमली दिसतो. त्या रुग्णांना रक्तापेक्षा सतत लघवीची घाई, वारंवार जाणे आणि जळजळ हाच त्रास असतो, आणि संसर्गाची औषधे घेऊनही तो कमी होत नाही. कल्चर पुन्हा पुन्हा निर्जंतुक येत असूनही ज्यांची जळजळ थांबत नाही, त्यांनी मूत्ररोगतज्ज्ञाकडे जावे, हे मला त्या टेबलावरच समजले.

गाठ मूत्रमार्गातूनच, तारेच्या विद्युत फासाने खरवडून काढतात. बाहेर कुठेही काप नसतो. पाठीच्या कण्यात भूल दिली होती. शिवाय भूलतज्ज्ञांनी डाव्या मांडीच्या मुळाशी वेगळे इंजेक्शन दिले. बाजूच्या भिंतीवरची गाठ काढताना विजेमुळे तिथल्या मज्जातंतूला झटका बसून मांडी एकाएकी उडते आणि त्या झटक्यात मूत्राशयाला भोक पडू शकते, ते टाळण्यासाठी हे असते. गाठीचे तुकडे एका बाटलीत आणि तिच्या मुळाशी असलेल्या स्नायूचे तुकडे दुसऱ्या बाटलीत गेले. या दुसऱ्या बाटलीवर पुढचे सगळे ठरते. नंतर तीन तोंडांची नळी बसवून वरून सलाइन सोडत मूत्राशय सतत धुतले जाते. पिशवीतला रंग लाल, मग गुलाबी, मग पिवळा होत जाताना सगळे घर त्या पिशवीकडे पाहत बसते. मधूनमधून मूत्राशय आवळून नळीच्या बाजूने लघवी झिरपते आणि कळ येते. त्यावर गोळी मिळते, ती मागून घ्यावी. त्याच दिवशी नळीतून मायटोमायसिन हे औषध सोडले. सुट्या झालेल्या पेशी पुन्हा कुठे रुजू नयेत म्हणून ते चोवीस तासांच्या आत देतात, मात्र रक्तस्राव जास्त असेल किंवा भिंतीला छेद गेला असेल तर देत नाहीत.

बायोप्सीचा अहवाल वाचायला मी शिकले, कारण त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि नातेवाईक त्या एकच समजतात. एक, पेशी किती उग्र आहेत. दुसरी, त्या किती खोल गेल्या आहेत. अस्तरापुरती मर्यादित गाठ टीए, अस्तराखालच्या थरात शिरलेली टी१ आणि स्नायूत शिरलेली टी२. माझी गाठ उग्र प्रकारची आणि टी१ होती. स्नायूचे तुकडे नमुन्यात होते आणि ते निर्दोष होते. हे दुसरे वाक्य अहवालात असणे फार महत्त्वाचे आहे. नमुन्यात स्नायूच नसेल तर 'स्नायू निर्दोष' असे म्हणता येत नाही, आणि मग पुन्हा काढून पाहावे लागते. टी१मध्ये तर स्नायू मिळाला असला तरी काही आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा एकदा खरवडून पाहतात, कारण पहिल्या वेळी थोडी गाठ मागे राहण्याची शक्यता बरीच असते. हे ऐकून घरचे नाराज झाले, पहिल्या वेळी नीट काढली नाही का, असा त्यांचा सूर होता. तसे काही नव्हते. दुसऱ्या वेळी काहीही सापडले नाही.

निदानाच्या वेळी साधारण चारपैकी तीन रुग्णांची गाठ अजून स्नायूपर्यंत पोहोचलेली नसते, आणि त्यांचे मूत्राशय बहुधा वाचवता येते. स्नायूत शिरलेली असेल तर आधी केमोथेरपी देऊन मूत्राशयच काढावे लागते आणि आतड्याचा तुकडा वापरून लघवीला बहुधा पोटावर वाट करून द्यावी लागते. काही निवडक रुग्णांत गाठ खरवडून किरणोपचार व केमोथेरपी एकत्र देतात. बैतुलहून आलेले एक शिक्षक पोटावर पिशवी घेऊन शाळेत जात होते आणि ती कशी बदलायची ते इतर रुग्णांना न लाजता समजावून सांगत होते. त्यांच्या धीटपणाबद्दल मला आदर आहे. तरीही पहिल्या रक्तानंतर त्यांनी जवळपास वर्ष घालवले होते, हे त्यांनीच सांगितले.

माझ्या वाट्याला बीसीजी आले. दंडावर व्रण सोडणारी क्षयाची लस ती हीच, फक्त मात्रा मोठी आणि ती मूत्राशयात सोडायची. कॅनडातील अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली तिचा हा उपयोग प्रसिद्ध केला आणि उग्र प्रकारच्या, स्नायूत न शिरलेल्या गाठींसाठी आजही तीच मुख्य आधार आहे. जिवंत पण दुर्बळ केलेले जंतू अस्तराला चिकटतात, शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर चालून येते आणि त्या धुमाळीत उरलेल्या कर्करोगाच्या पेशीही मारल्या जातात. आठवड्यातून एकदा असे सहा आठवडे औषध देतात. त्याआधी काही तास पाणी कमी प्यायचे, नळीने औषध सोडल्यावर ते दोन तास धरून ठेवायचे आणि त्यात मधूनमधून कुशी बदलायच्या. लघवी बसूनच करायची, पुरुषांनीसुद्धा, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. पुढचे सहा तास प्रत्येक वेळी शौचकूपात ब्लीच टाकून पंधरा-वीस मिनिटांनी पाणी ओतायचे, कारण बाहेर पडणारे जंतू जिवंत असतात. त्या संध्याकाळी जळजळ, कणकण आणि अंगदुखी होते. माझ्या एका आठवड्याच्या तपासणीत संसर्ग निघाला म्हणून मात्रा पुढे ढकलली. संसर्ग असताना, उघड रक्त असताना किंवा नळी घालताना इजा झाली असताना बीसीजी देत नाहीत, कारण जंतू रक्तात शिरू शकतात. ताप उतरतच नसेल, थंडी वाजून खूप चढत असेल, तर रुग्णालयात तत्काळ कळवायचे असते. हे नर्सबाईंनी एका कागदावर मराठीत लिहून दिले होते आणि तो कागद आमच्या फ्रिजवर लावलेला आहे.

खर्चाचा विषय टाळून चालणार नाही. माझ्या निवृत्तिवेतनातून काही भागले, काही मुलीने केले. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वी भेटावे. शिधापत्रिका आणि आधार सोबत न्यावे. नागपुरात मेडिकलचे, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे, सुपर स्पेशालिटी रुग्णालय, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, मिहानमधले एम्स आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था असताना पैशांअभावी पहिली दुर्बीण तपासणी तरी अडू नये.

हा कर्करोग परत येण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे, म्हणून उपचार संपले तरी पाहणी संपत नाही. पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी दुर्बीण, मग सहा महिन्यांनी, पुढे वर्षाने, आणि बीसीजीच्या तीन-तीन आठवड्यांच्या पूरक फेऱ्या वेगळ्या. आतापर्यंतच्या तपासण्यांत काही आढळलेले नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या भावाला लघवीत रक्त दिसले. दादा तरुणपणापासून विडी ओढतो. त्याने घरी कोणाला सांगितले नव्हते. वहिनींना शौचालयात दिसले आणि त्यांनी मला फोन केला. दादाचे म्हणणे, या वयात प्रोस्टेट सगळ्यांचेच वाढते. मी माझी फाइल घेऊन गेले, कल्चरचा कागद आणि त्यानंतरचा बायोप्सीचा कागद शेजारी शेजारी ठेवले आणि त्याच्याशी वाद घातला नाही. तो दुसऱ्या आठवड्यात सोनोग्राफीला गेला, पुढे दुर्बीणही झाली. प्रोस्टेट खरोखरच वाढलेले निघाले आणि त्यामुळे लघवी साठून मूत्राशयात एक खडा झाला होता. गाठ कुठेही नव्हती. सायटॉलॉजीही निर्दोष आली. खडा काढायची तारीख ठरली आहे. डॉक्टरांनी विडीबद्दल त्याला काय सुनावले ते त्याने मला सांगितलेले नाही, मला ते वहिनींकडून कळले.